पिस्तुलाची खोळ

भाऊजींनी जेवणाच्या टेबलावर पिस्तूल ठेवलं, तेव्हा शिवणबाईंनी सगळ्यात आधी त्याच्याखालचा टेबलक्लॉथ ओढून घेतला. पिस्तुलाला तेल लावलेलं होतं, आणि टेबलक्लॉथवर बाईंनी स्वतःच्या हाताने भरलेली चोवीस फुलं होती. गोळीने माणूस मरतो हे खरं, पण तेलाचा डाग काही केल्या मरत नाही, हे मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं शिवणकाम शिकवलेल्या बाईला कुणी सांगायला नको.

सगळी गल्ली त्यांना शिवणबाई म्हणायची. यजमानही म्हणायचे, पण बाई दुसऱ्या खोलीत असताना.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. या गृहस्थांनी जन्मभर पाण्याचे पंप विकले आणि निवृत्त झाल्यावर एकदम जुन्या पिस्तुलांचे संग्राहक झाले. यातला 'एकदम' महत्त्वाचा. माणूस हळूहळू संग्राहक झाला तर त्याला ज्ञान येतं. एकदम झाला तर नुसता आवाज फुटतो. भाऊजींकडे दोन पिस्तुलं होती, दोन्हींचा रीतसर परवाना होता, आणि जुन्या शस्त्रांच्या संग्राहक मंडळाचं सभासदत्व होतं. मंडळात अकरा सभासद आणि बारा पदाधिकारी होते. भाऊजी दोन पदं सांभाळत.

"वहिनी, शंभर वर्षांच्या पुढचं आहे," भाऊजी आवाज खाली आणून म्हणाले, जणू पिस्तुलाला स्वतःचं वय ऐकून वाईट वाटेल. "पाच आठवड्यांनी मंडळाचं प्रदर्शन आहे. पण याला होल्स्टर मिळत नाही. याची नळी लांब, मूठ वाकडी. बाजारातलं एकही बसत नाही. हे एक मुद्दाम करून घेतलं, तर ते असं."

भाऊजींनी पुढे केलेलं ते होल्स्टर बाईंनी हातात घेतलं. "ही खोळ होय?"

"होल्स्टर."

"तेच ते. खोळ." बाईंनी चष्मा वर ढकलला. "हे टाके कुणी घातलेत? इथे इंचाला सात, इथे चार, आणि कोपऱ्यावर आल्यावर बहुतेक तो जेवायला गेला. माझ्या वर्गातल्या मुलीने असं आणलं असतं तर सगळं उसवायला लावलं असतं."

भाऊजी हसले. नुसते हसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि पुष्कळ माणसांचा त्रास वाचला असता. पण ते हसून बोलले.

"वहिनी, हा काही उशीचा अभ्रा नव्हे. चामड्याचं काम आहे. त्याला मनगट लागतं."

यजमानांनी वर्तमानपत्र उंच धरलं. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाल्यावर माणसाला वारं कुठून सुटणार ते कळतं.

"प्रदर्शन कधी म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"पाच आठवड्यांनी."

"चारात देते."

दुसऱ्या दिवशी बाई यजमानांना घेऊन चामड्याच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने त्यांच्याकडे बघून पर्सची मऊ, रंगीत कातडी पुढे टाकायला सुरुवात केली. त्याचा तरी काय दोष? मोत्यांच्या कुड्या घातलेल्या, पासष्ट वर्षांच्या बाई चामडं घ्यायला आल्या तर कुणीही पर्सच समजणार.

"पर्स नको. पिस्तुलाला हवंय," बाई म्हणाल्या.

दुकानातली दोन गिऱ्हाइकं एकाएकी घाईत असल्यासारखी निघून गेली. दुकानदाराने यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी, आपण या बाईंना आत्ताच फुटपाथवर भेटलो, असा चेहरा केला.

झाडाच्या सालीत कमावलेलं, जाड, न रंगवलेलं चामडं लागतं, ते भिजवलं की मऊ होतं आणि वाळलं की घेतलेला आकार सोडत नाही, एवढं शिक्षण दुकानदाराने दिलं. मग त्याने सांगितलं की हा माल तो तुकड्यात विकत नाही. कमीत कमी अर्धं कातडं घ्यावं लागेल.

"अर्धं म्हणजे केवढं?"

त्याने ते उलगडलं. दुकान संपलं, ते संपलं नाही.

टॅक्सीवाल्याने ते आत घ्यायला नकार दिला, म्हणून टपावर बांधलं. घरी जिन्याच्या वळणावर ते अडकलं, तेव्हा तळमजल्यावरचे सल्लागार बाहेर आले. हे गृहस्थ पूर्वी काय करत ते कुणालाच माहीत नव्हतं. हल्ली ते सल्ला देत. गळका नळ, मुलीचं लग्न, गुडघेदुखी, काही चालायचं. न मागता द्यायचे, न घेतला तर रागवायचे.

"काय हे?"

"अर्धी म्हैस," यजमान म्हणाले.

"मग आधी दुधात भिजवा," सल्लागार तत्काळ म्हणाले. "चामडं दुधात भिजवलं की लोण्यासारखं होतं."

"दूध तिचंच लागेल की दुसरीचं चालेल?" बाईंनी विचारलं आणि म्हशीला खांद्याने धक्का देऊन वर नेलं.

बैठकीच्या खोलीत ते पसरलं तर सोफा, दोन खुर्च्या आणि यजमान यांना राहायला जागा उरली नाही. वास असा सुटला की समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी दार उघडून "कुणी गेलं का?" असं हळुवार विचारलं. बाईंनी कागदावर पिस्तुलाचा आकार काढला होता, त्यावरून खोळ बेतली, मोठ्या कात्रीने कापली आणि आपल्या शिलाई मशीनवर बसल्या. या मशीनवर त्यांनी दोन नणंदांची लग्नं, चार बारशी आणि शाळेच्या तीस स्नेहसंमेलनांचे पडदे शिवले होते. मशीनने पहिली सुई मोडली. दुसरी मोडली. तिसऱ्या सुईला मशीनच्या पोटातून असा आवाज आला की बाईंनी पाय काढून घेतला आणि मशीनवर हात ठेवून जरा वेळ बसून राहिल्या.

"मी म्हणतो, भाऊला सांगू या की..." यजमान सुरू झाले.

"तुम्ही काही म्हणू नका."

बसथांब्याजवळ एक बॅगवाला बसायचा. बॅगा, पट्टे, चपला, जे फाटेल ते शिवायचा. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला शिवायला शिकवा." हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कधी निघालं नव्हतं आणि ते निघताना त्यांना जो त्रास झाला, तो दात काढताना झाला नव्हता.

बॅगवाल्याने बसायला लाकडी खोकं दिलं. मशीन नाही, एक सुई नाही. दोन सुया, एकच दोरा, दोन्ही टोकांना एकेक सुई. आधी आरीने भोक पाडायचं, मग त्या एकाच भोकातून एक सुई इकडून आणि एक तिकडून काढायची, दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. दोऱ्याला मेण लावायचं. सांगायला सोपं. बाईंनी सहा टाके घातले आणि शाळेतल्या सवयीने मान वर करून, शाबासकीची नाही पण निदान दखलेची वाट पाहिली.

"कापडाचा हात आहे," बॅगवाला म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे भीत भीत चालतो. कापडाचं बरं असतं हो बाई, चुकलं की उसवता येतं, भोक बुजतं. चामड्यात एकदा पडलेलं भोक कायमचं. हे तिसरं बघा, वाकडं. आता ते वाकडंच राहणार, तुम्ही गेलात तरी."

बाईंनी चौतीस वर्षांत हजारो मुलींना 'उसव आणि पुन्हा घाल' एवढा एकच मंत्र दिला होता. तो मंत्र इथे चालत नाही, हे ऐकून त्या घरी आल्या ते थेट कपड्यांच्या कपाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि उगाच दोन साड्यांच्या घड्या परत घातल्या. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खोक्यावर जाऊन बसल्या. नऊ दिवस गेल्या. शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी बसमधून उतरताना त्यांना फुटपाथवर बसलेलं बघायच्या आणि घाबरून दुसऱ्या दाराने उतरायच्या. दहाव्या दिवशी बॅगवाला त्यांची शिवण बोटाने चाचपून काहीच बोलला नाही. बाईंना कळलं, झालं.

आता खरं पिस्तूल हवं होतं, कारण खोळ शिवून झाल्यावर ती भिजवून पिस्तुलावर दाबून वाळवायची असते. पण परवान्याच्या नियमाप्रमाणे पिस्तूल भाऊजींच्या ताब्याबाहेर राहू शकत नव्हतं, आणि ओल्या चामड्यात ते घालायचं म्हटल्यावर भाऊजींनी ते छातीशी धरलं. तेव्हा बाईंनी सुतार गाठला. त्याला मापं दिली.

"जमेल की," सुतार म्हणाला. "खुर्चीच्या पायासारखंच आहे."

दोन दिवसांत त्याने तसं पिस्तूल आणून दिलं. मापाला बरोबर होतं, दिसायला पांढरंफटक, निरुपद्रवी, शाळेतल्या नाटकातलं वाटावं असं. ते तसंच राहिलं असतं तर बरं होतं. पण एवढ्या मोठ्या प्रकल्पात आपलाही हातभार असावा असं यजमानांना त्या दुपारी वाटलं. बाई दोरा आणायला गेल्या असताना त्यांनी बुटाच्या काळ्या पॉलिशने ते रंगवलं, ब्रशने घासून चमकवलं, आणि बाई आल्यावर "जिवंत वाटतंय ना?" असं विचारलं. बाईंनी डोक्याला हात लावला, पण वेळ नव्हता. खोळ भिजवली, लाकडी पिस्तूल त्यात दाबलं, चमच्याच्या पाठीने कडा उठवल्या, आणि सावलीत वाळावं म्हणून गॅलरीतल्या दोरीवर, दोन टॉवेलांच्या मधोमध, चिमट्यांनी लावून टाकलं.

अर्ध्या तासात बेल वाजली. दारात दोन पोलीस.

"बाई, पिस्तूल कुठे आहे?" त्यातल्या मोठ्याने विचारलं.

"वाळत घातलंय," बाई म्हणाल्या.

हे उत्तर चुकीचं नव्हतं. पण बरोबर उत्तरं कुठे देऊ नयेत हे कळायला माणसाला चौकीची पायरी चढावी लागते. ती बाईंनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा चढली. यजमान मागे होते. जबाबदार नागरिकाने फोन केला, एवढंच पोलिसांनी सांगितलं. नाव गुप्त ठेवलं. जिन्यातून उतरताना सल्लागारांचं दार नेहमीसारखं उघडं नव्हतं, त्यावरून नाव कळलं.

फौजदार सभ्य होता. त्याने लाकडी पिस्तूल उलटंसुलटं केलं. त्याच्या बोटांना काळं लागलं.

"हे लाकूड आहे," तो म्हणाला.

"हो ना."

"पण दिसतं पिस्तुलासारखं."

"तसं दिसलं नाही तर खोळ कशी बसेल?"

पंचनामा सुरू झाला. हवालदार बोलत बोलत लिहीत होता: "काळ्या रंगाचे, पिस्तूलसदृष्य हत्यार एक, ओल्या चामडी पिशवीत."

"सदृश. 'ष्य' नाही, पोटफोड्या 'ष'ही नाही, शहामृगातला 'श'," बाई म्हणाल्या. "आणि हत्यार नव्हे, लाकूड."

"लाकूड लिहिलं तर जप्त कशाला केलं असं वर विचारतील."

"मग जप्त करू नका."

"पण आलोच आहोत," हवालदार म्हणाला आणि पुढची ओळ लिहायला लागला.

शेवटी फौजदाराने तोडगा काढला. परवाना शाखेकडून, या वस्तूला परवाना लागत नाही असा दाखला आणायचा आणि वस्तू घेऊन जायची. इतकं सोपं. खोळीसकट वस्तू मुद्देमालाच्या खोलीत गेली. बाहेर पडल्यावर यजमान म्हणाले, "तरी मी तुला म्हणत होतो." त्यांनी काहीही म्हटलेलं नव्हतं. उलट पॉलिश त्यांनीच लावलं होतं. बाईंनी घरी आल्याआल्या पॉलिशची डबी कचऱ्यात टाकली, आणि टाकताना ती मुद्दाम वाजवली.

परवाना शाखेतल्या तीन नंबरच्या खिडकीतल्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकलं.

"आम्ही परवाना देतो," तो म्हणाला. "परवाना लागत नाही असा दाखला द्यायची तरतूद नाही."

"मग ज्याला लागत नाही त्याने काय करायचं?"

"ज्याला लागत नाही तो इथे येत नाही."

बाईंनी पर्स टेबलावर ठेवली. जी पर्स टेबलावर ठेवते ती बाई लवकर जात नाही, हे अनुभवी कारकुनाला कळतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पुढे वाकला.

"एक करा. या लाकडासाठी परवान्याचा अर्ज करा. आम्ही तो फेटाळतो. फेटाळताना कारण द्यावंच लागतं. त्यात लिहितो की वस्तू शस्त्र नाही. तो कागद चौकीत दाखवा."

"आणि फेटाळलाच नाही तर?"

"बाई, या खिडकीवर विश्वास ठेवा."

अर्ज आठ पानांचा होता. शस्त्राचा प्रकार: लाकडी. गोळ्यांची संख्या: शून्य. शस्त्र बाळगण्याचे कारण: खोळ बेतण्यासाठी. कारकून म्हणाला, "कारणात स्वसंरक्षण लिहा, सगळे तेच लिहितात." बाई म्हणाल्या, "लाकडाने?" तो म्हणाला, "हाणता येतं की." बाईंनी खोळच ठेवली. शेवटच्या पानावर अर्जदाराच्या चांगल्या वर्तणुकीबद्दल एका शेजाऱ्याची सही हवी होती. बाई फॉर्म घेऊन सरळ तळमजल्यावर गेल्या.

सल्लागारांनी दार अर्धं उघडलं. फॉर्म बघून ते पांढरे पडले.

"मी... म्हणजे, कोणीतरी फोन केला म्हणे. काय लोक असतात एकेक."

"हो ना," बाई म्हणाल्या. "इथे सही करा. वर दोन ओळी लिहायच्यात. स्वतःच्या शब्दांत."

सल्लागारांनी पेन चावत लिहिलं: 'अर्जदार बाईंना मी बावीस वर्षे ओळखतो. त्यांच्या हातात कात्रीखेरीज दुसरे शस्त्र पाहिलेले नाही. त्यांचा स्वभाव' आणि इथे ते थांबले, वर पाहिलं, आणि 'शांत आहे' असं लिहून सही केली. खोट्या प्रतिज्ञापत्राचा गुन्हा त्यांच्यावर तेव्हाच दाखल व्हायला हवा होता.

अकरा दिवसांनी पत्र आलं. सदर वस्तू शस्त्र या संज्ञेत बसत नसल्याने आपला अर्ज फेटाळण्यात येत आहे. या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांच्या आत अपील करता येईल.

"करायचं का?" यजमानांनी विचारलं. एकोणचाळीस वर्षं झाली तरी काही गोष्टी कळत नाहीतच.

चौकीतून वस्तू परत मिळाली. मुद्देमालाच्या खोलीत ओल होती. लाकूड फुगून नळी अशी वाकली होती की कोपऱ्याआडच्या माणसावर नेम धरावा. खोळ उंदरांनी खाल्ली होती. शिवण तेवढी शाबूत होती. उंदरांनाही टाका तुटला नाही, याचं बाईंना त्या स्थितीतही समाधान वाटलं, आणि त्यांनी ते यजमानांना दाखवलं. प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते. दिलेला शब्द चार आठवड्यांचा होता. तो आता पाळता येणार नव्हता, आणि भाऊजी फोनवर रोज "काही घाई नाही हं, वहिनी" असं म्हणून त्या जखमेवर मीठ चोळत होते.

"पिस्तूल घेऊन या," बाईंनी फोनवर सांगितलं. "तुमच्या ताब्यात राहायला हवं ना? तुम्हीही या."

म्हैस पुरेशी उरली होती. बाईंनी दुसरी खोळ कापली, दोन दिवसांत शिवली. भाऊजी पिस्तूल घेऊन आले. बाईंनी ते पातळ प्लॅस्टिकमध्ये चार वेळा गुंडाळलं, भिजलेली खोळ घेतली, आणि त्यात ते दाबायला लागल्या. भाऊजी समोर उभे राहून, मूल टोचून घेताना आई उभी राहते तसे, ओठ चावत होते.

"वहिनी, पाणी! पाणी जाईल आत!"

"गप्प बसा."

"त्याची घोड्याची बाजू नाजूक आहे!"

"माझीही आहे. मी सांगितलं का कुणाला?"

बाईंनी चमच्याच्या पाठीने एकेक कड, एकेक खाच चामड्यावर उठवली. दोन तास लागले. मग त्यांनी हात धुतले आणि सांगितलं की आता तीन दिवस पिस्तूल आतच राहील, नाहीतर चामडं वाळताना आकसेल.

"तीन दिवस! पण माझ्या ताब्यात..."

"गादी घातलीय."

तर भाऊजी तीन दिवस पिस्तुलाच्या राखणीला राहिले. पहिल्या दिवशी दोघे भाऊ लहानपणीच्या आठवणी काढून हसले. दुसऱ्या दिवशी, आईचा आरसा पन्नास वर्षांपूर्वी कुणी फोडला यावरून त्यांचं वाजलं, आणि त्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. बाईंना मधे निरोप्या व्हावं लागलं. "वहिनी, दादाला सांगा, मीठ द्यायला." "त्याला सांग, हात पोचतो." तिसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी रागाने उठताना कोपराने चहाचा कप खोळीवर पाडला. न रंगवलेल्या चामड्यावर हा एवढा तपकिरी नकाशा उठला. भाऊजी ओरडले, यजमान ओरडले की आरसाही यानेच फोडला होता. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी पिस्तूल काढून भाऊजींच्या हातात दिलं, पातेलंभर कडक चहा उकळला, आणि तो कापसाने सगळ्या खोळीला सारखा लावला. पुन्हा लावला. सहा वेळा लावला. पुन्हा वाळवून कडा मेणाने घासल्यावर खोळीला असा मुरलेला, खोल रंग आला की यजमानांनी घाईघाईने श्रेय घ्यायला तोंड उघडलं, आणि बाईंची नजर बघून परत मिटलं.

पिस्तूल आत सरकलं की हलकासा 'टप' आवाज यायचा. उलटं धरलं तरी पडायचं नाही, ओढलं की सहज यायचं. भाऊजींनी ते पाच-सहा वेळा करून पाहिलं आणि शेवटी म्हणाले, "बसतंय, नाही का?" एवढंच. बसतंय. बाईंनी मनात त्यांना इथे बरंच काही म्हटलं, पण तोंडाने चहा विचारला.

प्रदर्शन एका सभागृहात होतं. काचेच्या पेट्या, मखमली कापड, आणि प्रत्येक पेटीमागे एक म्हातारा, आपल्या पिस्तुलासमोर असा उभा की स्वतःच लढून आलाय. भाऊजींनी आपल्या पेटीत कार्ड लावलं होतं. त्यावर पिस्तुलाची माहिती सोळा ओळी होती, संग्राहकाचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. खोळीबद्दल अक्षर नव्हतं. बाईंनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, आणि पर्स छातीशी धरून बाजूला उभ्या राहिल्या.

मंडळाचे अध्यक्ष भिंग घेऊन पेट्या तपासत होते. भाऊजींच्या पिस्तुलावरून त्यांचं भिंग सरकन गेलं. खोळीवर येऊन थांबलं. त्यांनी पेटी उघडायला लावली.

"हे कुठून मिळवलंत?"

"हं... म्हणजे," भाऊजी म्हणाले, "त्याच्याबरोबरच..."

"मूळ होल्स्टर!" अध्यक्ष ओरडले. सगळे म्हातारे गोळा झाले. "बघा, हे टाके बघा! इंचाला आठ, एकही कमीजास्त नाही. हा रंग बघा. शंभर वर्षं हाताळल्याशिवाय असा रंग येत नाही. पिस्तूल सामान्य आहे, माफ करा, पण ही वस्तू दुर्मीळ आहे. असं आज कुणी शिवूच शकत नाही."

बाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आयुष्यात एवढी स्तुती त्यांची कुणी केली नव्हती, आणि ती करणाऱ्याने त्यांना शंभर वर्षांपूर्वी मारून टाकलं होतं.

"मी शिवलंय," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "बाई, हे हातकाम आहे."

"हातानेच शिवलंय. गेल्या आठवड्यात. रंग चहाचा आहे."

म्हातारे हसले. अध्यक्षही हसले, मग भाऊजींकडे वळून म्हणाले की कार्यकारिणी या होल्स्टरला यंदाचं पहिलं मानचिन्ह देणार, तेव्हा तेवढं मूळ असल्याचं लिहून द्या. भाऊजींनी बाईंकडे पाहिलं. ओठ न हलवता म्हणाले, "वहिनी, थोडा वेळ. नंतर बोलू."

शिवणबाई पुढे झाल्या. त्यांनी खोळ उचलली, पिस्तूल बाहेर काढून भाऊजींच्या हातात दिलं, खोळ आपल्या पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

"शंभर वर्षांची असेल तर ती भाऊजींची," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "गेल्या आठवड्यातली असेल तर माझी. तुम्ही दोघं ठरवा. मी तिकडे खुर्चीवर बसते."

भाऊजी उघडं पिस्तूल हातात धरून उभे होते. आता ते खरोखरच पाण्याच्या पंपाच्या सुट्या भागासारखं दिसत होतं. त्यांनी एकदा अध्यक्षांच्या हातातल्या मानचिन्हाच्या यादीकडे पाहिलं, एकदा खुर्चीवर ताठ बसलेल्या वहिनींकडे. यजमान कोपऱ्यातून आले आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच भावाशी बोलले. "बोल रे," ते म्हणाले. "आरसा मीच फोडला होता. घे. आता तू बोल."

"गेल्या आठवड्यातली आहे," भाऊजी म्हणाले. घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "आमच्या वहिनींनी केलीय. मी समोर उभा होतो. नुसता उभा होतो."

मानचिन्ह त्या वर्षी एका गंजक्या बंदुकीला मिळालं. पण निघताना सात म्हातारे बाईंच्या खुर्चीभोवती जमले. प्रत्येकाचं पिस्तूल वेगळं, प्रत्येकाची अडचण जुनी. करून द्याल का?

"करून देणार नाही," बाई म्हणाल्या. "शिकवीन. मंगळवारी दुपारी तीन वाजता. दोन सुया घेऊन या. उशीर झालेला चालणार नाही."

आले. म्हशीचा उरलेला भाग अजून सोफ्यामागे होता, तो कामी आला. जेवणाच्या टेबलाभोवती भाऊजी धरून आठ संग्राहक, नाकावर चष्मे, बोटांना पट्ट्या. भाऊजी पहिल्या खुर्चीत होते. त्यांचं मनगट, असं निष्पन्न झालं, कापडालाही पुरेसं नव्हतं. सल्लागार एकदा सल्ला द्यायला वर आले, त्यांच्या हातात आरी दिली गेली, तेव्हापासून आले नाहीत.

तिसऱ्या मंगळवारी अध्यक्षांनी आपली पहिली शिवण पूर्ण केली आणि ती बाईंपुढे ठेवून, शाळेतल्या मुलीसारखे, वाट बघत उभे राहिले. बाईंनी त्यांच्या वरच्या खिशातलं भिंग काढून घेतलं. शिवणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. सगळं टेबल थांबलं.

"अध्यक्ष," त्या भिंग परत करत म्हणाल्या, "ही वस्तू नक्की शंभर वर्षांपूर्वीची असणार. असं आज कुणी शिवूच शकत नाही."